वर्गातला सीन, पडद्यावरचा प्रयोग: नटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिनयाच्या वर्गात प्रवेश बसवायला शिकलेले आणि आता घरून, कॅमेऱ्यासमोर थेट प्रयोग करणारे नट जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ऑनलाइन नाटक म्हणजे नेमकं काय? रेकॉर्डिंग टाकलं तर तेही ऑनलाइन नाटकच ना?

लोक तीन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव देतात. पहिली म्हणजे रंगमंचावरचा प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपून दुसरीकडे दाखवणं. लंडनचं नॅशनल थिएटर 2009पासून चित्रपटगृहांमध्ये अशी प्रक्षेपणं करतंय. दुसरी म्हणजे आधी चित्रित करून, संकलन करून मग टाकलेलं नाटक. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक नट आपापल्या खोलीत आपापल्या कॅमेऱ्यासमोर असतो, पण प्रवेश मात्र त्याच क्षणी, प्रेक्षकांच्या देखत घडतो. 2020च्या मार्चमध्ये जगभर नाट्यगृहं बंद व्हायला लागली तेव्हा हा तिसरा प्रकार एकदम फोफावला. इथली सगळी उत्तरं त्याच्याबद्दल आहेत. पहिल्या प्रकारात नटाला फारसं काही बदलावं लागत नाही आणि दुसऱ्यात तो जवळजवळ सिनेमाच करत असतो.

2. वर्गात भरपूर सीन केलेत. त्यातलं इथे किती उपयोगी पडतं?

पात्राचा आतला अभ्यास जसाच्या तसा उपयोगी पडतो. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लाव्हस्कीपासून चालत आलेले प्रश्न तेच: मी कोण, कुठे आहे, आत्ता काय घडून गेलंय, समोरच्याकडून मला काय हवंय, ते मिळवायला मी काय करतोय, आणि आड काय येतंय. प्रवेशाचे तुकडे पाडणं, प्रत्येक तुकड्यात डावपेच बदलणं, वाक्याखाली काय दडलंय ते शोधणं, यातलं काहीही वाया जात नाही. उलट इथे नेपथ्य नसतं, प्रकाशयोजना जेमतेम असते, त्यामुळे ज्याचा हा अभ्यास कच्चा आहे तो लगेच उघडा पडतो.

आवाज फेकणं, मंचावरच्या हालचाली, सहकलाकाराचा स्पर्श, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे हातवारे हे सगळं मात्र गळून पडतं.

राहिलं ऐकणं. वर्गात ते कमावलंय असं प्रत्येकाला वाटतं आणि ऑनलाइन आल्यावर सर्वात आधी तेच मोडतं. कॅमेरा, स्वतःचा चेहरा, घरातले आवाज, नेटची धाकधूक यांत लक्ष वाटलं जातं आणि नट सहकलाकाराला सोडून यंत्राशी बोलायला लागतो. माझ्या मते ऑनलाइन तालमीतला निम्मा वेळ तरी फक्त ऐकणं परत बसवण्यावर जायला हवा.

3. समोर माणूसच नाही, मग रिपिटिशनचा व्यायाम कसा करायचा?

अमेरिकन अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नरच्या या व्यायामात दोघं एकच वाक्य एकमेकांना परत परत म्हणतात आणि तो समोरच्यात काय बदलतंय ते टिपण्यावर उभा आहे. व्हिडिओ कॉलच्या खिडकीत माणूस दिसत असला तरी त्याचा श्वास, उभं राहणं, खोलीतली हवा यातलं काही तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून तो टप्प्याटप्प्याने करा. आधी दोघांचे कॅमेरे बंद, डोळे मिटून, फक्त आवाजावर. आवाज कुठे घट्ट झाला, कुठे हसू दाबलं, हे कानाने पकडायची सवय लागते. मग कॅमेरे सुरू करा आणि शब्द फिरवायला घ्या.

एक बदल मात्र हवा. वर्गात हा व्यायाम झपाट्याने चालतो. इथे वेगाच्या मागे लागलात तर दोघं एकमेकांवर चढत राहाल (प्रश्न 5). वाक्य पूर्ण पोचू द्या, मगच परत टाका.

4. माझं वाक्य वेळेवर पडतं, तरी दिग्दर्शक म्हणतात क्यू (आपलं वाक्य सुरू करायचा इशारा) उशिरा घेतोस. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आवाज तुमच्याकडून सहकलाकाराकडे जायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की संभाषण नीट चालायचं तर एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. आकडा किरकोळ वाटतो. पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण 50 मीटर जातो, म्हणजे सहकलाकार तेवढ्या लांब उभा राहून बोलतोय असं समजा.

आता हिशोब करून पाहा. रोजच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तुमचं वाक्य संपलं. ते 150 मिलिसेकंदांनी पोचलं, समोरच्याने नेहमीसारखे 200 घेतले, त्याचं उत्तर परत यायला आणखी 150. तुमच्या कानाला ही फट 500 मिलिसेकंदांची लागते. अर्ध्या सेकंदाची शांतता नाटकात काहीतरी सांगत असते: तो कचरला, त्याला पटलं नाही, तो खोटं बोलतोय. तुम्ही नकळत त्या शांततेला उत्तर देता. तिकडे तो शपथेवर सांगतो की मी लगेच बोललो, आणि खरंच बोललेला असतो. दिग्दर्शक तिसऱ्याच ठिकाणी बसून ऐकत असतात, त्यांच्या कानावर वेगळीच फट पडते.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. उशीर कमी करता येतो: वायफायऐवजी केबल, वायरचे इअरफोन (ब्लूटूथचे त्यात सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर घालतात), मागे चालू असलेली डाउनलोड बंद. उरलेला उशीर अभिनयात मुरवावा लागतो. वर्गात शिकलेली एक गोष्ट इथे कमालीची कामाला येते. उत्तर द्यायची इच्छा समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर जन्मत नाही, ती आधीच कुठल्यातरी शब्दावर जागी होते. ‘तुझ्या भावाने सगळं सांगितलं मला काल रात्री’ यात ठिणगी ‘भावाने’वर पडते. संहितेत प्रत्येक वाक्यातला तो शब्द अधोरेखित करा, श्वास तिथेच घ्या आणि वाक्य संपताक्षणी बोला. फट पूर्ण भरत नाही, पण त्यात भरलेला श्वास दिसतो आणि शांतता मेलेली वाटत नाही.

आणि लेखकाने लिहिलेले पॉज निम्मे करा. अर्धा पॉज यंत्र देतंच.

5. भांडणाच्या प्रवेशात दोघं एकदम बोललो की एकाचा आवाज गायब होतो. काय करावं?

व्हिडिओ कॉलची प्रणाली बैठकीसाठी बनलेली आहे. एक बोलतोय म्हटल्यावर ती दुसऱ्या बाजूचा आवाज प्रतिध्वनी किंवा गोंगाट समजून दाबते. झूममध्ये ‘ओरिजनल साउंड’ चालू केलं की ही छाटणी बरीच कमी होते, मात्र सगळ्यांच्या कानात इअरफोन हवेत, नाहीतर खरोखरचा प्रतिध्वनी सुरू होतो. सेटिंग प्रत्येक नटाने आपापल्या यंत्रावर करायचं असतं आणि प्रयोगाच्या दिवशी ते कोणीतरी विसरतंच, म्हणून तपासणी यादीत पहिलं तेच लिहा.

एवढं करूनही वाक्यावर वाक्य चढवणं जपूनच करा. सर्वात भरवशाची युक्ती अशी: तोडणाऱ्याने तोडायचं नाही, ज्याचं वाक्य तुटतं त्याने स्वतः थांबायचं. ‘मी तुला हजार वेळा सांगितलं की—’ इथे रेघ आहे. ‘की’वर त्यानेच आवाज कापायचा, तोही खाली न आणता, चढत्या सुरात, जणू पुढचा शब्द ओठांवर आहे. पुढचे दोन-तीन शब्द पाठ असू द्या आणि तोंड उघडं ठेवा. दुसरा उशिरा घुसला तरी प्रेक्षकाला त्यानेच तोडल्यासारखं वाटतं.

एका सुरात बोलणं किंवा समूहगान थेट जमत नाही, त्याच्या मागे लागू नका. ते आधी वेगवेगळं ध्वनिमुद्रित करून जुळवून घ्या.

6. नजर कुठे ठेवायची, कॅमेऱ्याच्या भिंगात की सहकलाकाराच्या खिडकीत?

यावर दोन तट आहेत आणि दोघांचंही थोडं खरं आहे. भिंगात बघितलं की प्रेक्षकाला नजरेला नजर मिळाल्यासारखं वाटतं. पण भिंगात बघणाऱ्याला सहकलाकार दिसतच नाही. संपूर्ण प्रवेश भिंगात बघून केला तर ते दोन जणांनी आलटून पालटून म्हटलेलं स्वगत होतं.

मी खिडकीच्या बाजूने आहे, एका अटीवर. सहकलाकाराची खिडकी लहान करून बरोबर कॅमेऱ्याखाली आणा. पडदा 60 सेंटिमीटरवर असेल आणि त्याचे डोळे भिंगाच्या 5 सेंटिमीटर खाली असतील तर नजर जेमतेम 5 अंश खाली जाते आणि तेवढी सहसा कोणाला जाणवत नाही. खिडकी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात राहिली की तुम्ही सतत नजर चुकवताय असं दिसतं, पात्र कितीही सरळमार्गी असो. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत घ्या. थेट भिंगात बघणं प्रेक्षकांशी बोलण्यासाठी किंवा प्रवेशातल्या एखाद्याच क्षणासाठी राखून ठेवा.

तीन किंवा जास्त पात्रं असतील तर कोण कुठे ‘उभं’ आहे ते सगळ्यांनी मिळून ठरवा आणि पडद्याच्या कडेला कागदाचे तुकडे चिकटवा. बापाला ‘घर विकलंत?’ असं विचारलं आणि त्याने मान वळवली, तर ती दाराकडे वळली की बायकोकडे, हे ठरलेलं हवं. पुढच्या प्रवेशात दार दुसऱ्या बाजूला गेलं तर प्रेक्षक बरोबर पकडतात.

चष्मा लावणाऱ्यांनी पडद्याचा उजेड कमी करून दिवा जरा वर आणि बाजूला घ्यावा, नाहीतर काचांमध्ये सहकलाकाराची खिडकी चमकत राहते.

7. बोलताना स्वतःचाच चेहरा दिसतो आणि लक्ष तिकडे जातं.

लपवा. झूममध्ये ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ आहे. त्याने चित्र फक्त तुमच्यापुरतं जातं, बाकीच्यांना तुम्ही दिसत राहता. फ्रेम आधी तपासून खुर्चीच्या पायांशी जमिनीवर टेप लावा. आरशात बघत कोणी सीन करत नाही.

8. कॅमेऱ्यासाठी अभिनय किती छोटा करायचा?

‘छोटा करा’ हा सल्ला अर्धवट आहे. नट अभिनय छोटा करायला जातो आणि त्याबरोबर पात्राची गरजही छोटी करून टाकतो, मग सगळा प्रवेश पुटपुटल्यासारखा होतो. गरज पूर्ण ठेवा, फक्त अंतर बदला. माणूस 60 सेंटिमीटरवर बसलाय आणि त्याच्याकडून मला हे मिळवायचंच आहे, असं धरून चाललात की आवाज आणि चेहरा आपोआप त्या मापात येतात.

बाकी फ्रेमवर अवलंबून. छातीपर्यंतच्या फ्रेममध्ये हात दिसत नाहीत, म्हणून ते मेलेले ठेवायचे नाहीत, खांद्यांतून त्यांचा जोर दिसतो. कंबरेपर्यंत फ्रेम घेतली तर उभं राहून करा. ओरडायच्या जागी माइकपासून डोकं थोडं मागे किंवा बाजूला न्या, नाहीतर आवाज फाटतो.

9. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत वस्तू द्यायची युक्ती आमच्याकडे कधीच जमत नाही.

समजा आई मुलाला पत्र देते. प्रेक्षकाच्या पडद्यावर आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. आईने हात प्रेक्षकाच्या उजवीकडे न्यायचा, म्हणजे स्वतःच्या डावीकडे. घोळ इथे होतो: तुम्हाला तुमचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, प्रेक्षकाला सुलटं. आई स्वतःच्या चित्रावर भरवसा ठेवून हात हलवते आणि पत्र मुलाच्या विरुद्ध दिशेला जातं. म्हणून तालमीत उलटं दाखवणारं सेटिंग बंद ठेवा.

पत्रं दोन लागतात, एकाच कागदाची आणि एकाच घडीची. आईचा हात फ्रेमबाहेर पूर्ण जाऊ द्या, बोटांनी पत्र सोडल्याचा भार मनगटात दिसू द्या. मुलाने आईचा हात बघून निघायचं नाही, उशिरामुळे तो मागेच पडेल. दोघांनी एका शब्दावर हालचाल बांधायची. दोन्ही कॅमेरे सारख्या उंचीवर हवेत, नाहीतर आई खांद्याच्या रेषेत पत्र देते आणि मुलाला ते कानापाशी मिळतं.

यानंतरही एक अडचण राहते. गॅलरीतल्या (सगळे एकत्र दिसतात त्या मांडणीतल्या) खिडक्यांचा क्रम प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळा असू शकतो. यजमानाने आपला क्रम सगळ्यांना लागू करायचा, किंवा ओबीएससारख्या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाने चित्र जुळवून तेवढंच प्रेक्षकांना द्यायचं. प्रेक्षक मोबाइलवरून थेट बैठकीत येणार असतील तर खिडक्या एकाखाली एक लागू शकतात. अशा वेळी युक्तीचा मोह सोडा: पत्र फ्रेमच्या खाली न्या आणि मुलाने ते खालूनच वर आणावं. दिशाच नाही, म्हणजे चुकायची भीती नाही.

10. एंट्री आणि एक्झिट कशी घ्यायची?

झूममध्ये ‘हाइड नॉन-व्हिडिओ पार्टिसिपंट्स’ चालू असेल तर कॅमेरा बंद करताच खिडकी नाहीशी होते आणि सुरू करताच परत येते. कॅमेरा सुरू व्हायला एखादा क्षण लागतो, तो धरून आधीच्या वाक्यावरच बटण दाबा. बटण दाबतानाचा हात आणि खाली गेलेली नजर मात्र दिसता कामा नये. चालत फ्रेमबाहेर जाणं जास्त नाटकासारखं वाटतं, फक्त पाठीमागे मोकळी खोली दिसत राहते हे लक्षात ठेवा. माइक बंद करायला विसरू नका.

11. कोणाला कळणार नाही, मग संहिता पडद्यावर ठेवली तर?

कळतं. वाचणारे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि जवळच्या फ्रेममध्ये तर ते हमखास दिसतात. त्याहून मोठा तोटा म्हणजे नजर कागदावर असताना ऐकणं थांबतं. जाहीर वाचन असेल तर संहिता उघडपणे हातात धरा. प्रयोग असेल तर पाठांतर करा.

12. विनोदी प्रवेश आहे, पण हशाच ऐकू येत नाही. टायमिंग कसं सांभाळायचं?

प्रयोग यूट्यूबवर थेट जात असेल तर हशाची वाट बघूच नका. सर्वात कमी उशिराचं सेटिंग ठेवलं तरी चित्र पोचायला काही सेकंद लागतात आणि कॉमेंटमधला हशा येईपर्यंत तुम्ही पुढच्या प्रसंगात असता. वाक्य टाका आणि सहकलाकाराच्या प्रतिक्रियेवर पुढे चला. हशासाठी जागा सोडायची तर ती पात्राच्या कृतीने भरा, रिकामी ठेवू नका.

प्रेक्षक बैठकीतच असतील तर चार-पाच जणांना इअरफोन लावून माइक उघडे ठेवायला सांगता येतं. एवढ्याने नटांच्या जिवात जीव येतो. जास्त माइक उघडे ठेवलेत तर प्रश्न 5मधली छाटणी सुरू होते आणि प्रेक्षकाचा खोकला तुमचं वाक्य खातो.

13. प्रयोग चालू असताना नेट गेलं तर?

कधी ना कधी जाणार, म्हणून तालमीत मुद्दाम पाडा. न सांगता एकाचं कनेक्शन तोडायचं आणि बाकीच्यांनी पात्रात राहून प्रवेश सांभाळायचा. वर्गातलं इम्प्रोव्हायझेशन इथे पुरेपूर वसूल होतं.

व्यवस्था अशी असू द्या: रंगमंच व्यवस्थापक एकच, त्याच्याशी बोलायला फोनवर वेगळा ग्रुप, फोन आवाज बंद करून कॅमेऱ्याबाहेर. प्रत्येकाकडे मोबाइल डेटा तयार. एखादं वाक्य निसटलं तर ते कोण दुसऱ्या शब्दांत सांगेल, हे प्रत्येक प्रवेशासाठी आधी ठरलेलं. आणि कृपा करून सशुल्क खातं वापरा. झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांनी तुटते आणि ती नेमकी उत्कर्षबिंदूला तुटते.

14. आम्ही दोघं कलाकार एकाच घरात आहोत. सोपं असेल ना?

उलट. एका खोलीत दोन यंत्रं आणि दोन माइक म्हणजे शिट्टी आणि प्रतिध्वनी. वेगळ्या खोल्यांत दारं लावून बसा. ते शक्य नसेल तर आवाज एकाच यंत्राचा ठेवा आणि दुसरं आवाजाला जोडूच नका. अभिनयाचीही गंमत होते: दोघांमधला क्यू तत्काळ पडतो आणि बाकीच्यांशी उशिरा, त्यामुळे तुमची जोडी इतरांपेक्षा चलाख वाटायला लागते. पात्रांना ते शोभत असेल तर ठेवा.

15. मारहाण किंवा जवळीक असलेले प्रवेश कसे करायचे?

मारणारा फ्रेमच्या कडेकडे हात नेतो, मार खाणारा आवाजावर प्रतिक्रिया देतो. तंत्र प्रश्न 9मधलंच. जवळिकीत तर स्पर्शाची गरज अनेकदा नसतेच, कॅमेऱ्याकडे हळूच पुढे झुकणं पुरतं.

संमतीचा मुद्दा मात्र इथे जास्त नाजूक आहे. नट स्वतःच्या घरात, कधी स्वतःच्या झोपायच्या खोलीत असतो आणि बघणारा कुणीही स्क्रीनशॉट घेऊ शकतो. काय दिसेल, काय दिसणार नाही, रेकॉर्डिंग होणार का, ते कोणाकडे आणि किती दिवस राहणार, हे तालमीआधी लेखी ठरवा. तालमीत नट ‘नको’ म्हणाला तर कारण विचारत बसू नये.

16. वर्गात केलेला सीन ऑनलाइन दाखवायला परवानगी लागते का?

लेखकाचा हक्क चालू असेल तर लागते. वर्गातल्या शिकण्याला अनेक देशांच्या कायद्यात सवलत असते, पण दुवा सगळ्यांना दिला की तो जाहीर प्रयोग झाला, तिकीट असो वा नसो. रंगमंचावर प्रयोग करायची परवानगी हातात असली तरी ऑनलाइन प्रक्षेपण बहुधा त्यात नसतं आणि रेकॉर्डिंग नंतर उपलब्ध ठेवणं ही अजून वेगळी परवानगी. तिन्ही नावं घेऊन मागा.

लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क राहतो. अनेक देशांनी ही मुदत वाढवली आहे आणि 70 वर्षं खूप ठिकाणी आहे. इंटरनेट सगळीकडे पोचतं, म्हणून एका देशात मुक्त झालेलं नाटक दुसरीकडे हक्काखाली असू शकतं. जुन्या नाटकाचा नवा अनुवाद वापरत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. पार्श्वसंगीत तर विसरूच नका: यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि चालू प्रक्षेपणही थांबवू शकते.

17. बरेच ऑनलाइन प्रयोग झाले, आता परत मंचावर जायचंय. काय बिघडलेलं असेल?

मान आणि पाय. कॅमेऱ्यासमोर डोकं स्थिर ठेवायची सवय लागते आणि छातीखालचं शरीर झोपून जातं. मंचावर उभं राहिलं की पाय रोवल्यासारखे एकाच जागी राहतात. आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. आणि वाक्याआधी एक सूक्ष्म थांबा शिरलेला असतो, जो प्रश्न 4मधल्या उशिराने लावलेला असतो. तो स्वतःला ऐकू येत नाही, दुसऱ्याकडून तपासून घ्या.

ऐकणं मात्र बहुतेकांचं सुधारलेलं असतं, कारण तिकडे कानावरच सगळी भिस्त होती. पहिल्या तालमीत दोघांनी पाठीला पाठ लावून प्रवेश म्हणा, मग खोलीच्या दोन टोकांना उभं राहून, मग चालत. शब्दांचा अर्थ, जोर, रंग यांवर त्या दिवशी दिग्दर्शकाने एकही सूचना देऊ नये.